आतून धार असलेलं पातं

माझ्या सासऱ्यांचं धार लावायचं दुकान आहे. शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, हॉटेलवाल्यांचे सुरे, सगळं तिथं येतं. पण लोक त्यांना ओळखतात ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कुणाच्या तरी आजोबांच्या पेटीत किंवा जुन्या कोटाच्या खिशात घडीचा चाकू सापडतो. उघडून बघावं तर नेहमीच्या पात्याशेजारी काहीतरी भलतंच निघतं. वाकडं, बोथट, नाहीतर मध्येच भोक असलेलं. हे कशासाठी, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "धारवाल्या काकांकडे घेऊन जा."

मी त्यांना मामंजी म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही, माझ्या मैत्रिणी हसतात. पण लग्नानंतर पहिल्या दिवशी तोंडातून जे निघालं ते निघालं, आणि त्यांनाही ते आवडलं. दुकान खरं तर त्यांच्या मुलानं सांभाळायचं होतं. पण माझ्या नवऱ्याला चाकाचा आवाज दातांत झोंबतो. लहानपणी तो कानात बोळे घालून दुकानात बसायचा आणि गिऱ्हाईक काय म्हणतंय ते त्याला कळायचं नाही. शेवटी तो बस चालवायला लागला. मला मात्र तो आवाज पहिल्यापासून आवडला. पातं चाकाला टेकलं की आधी कुरकुरतं आणि धार येत गेली की गुणगुणायला लागतं. एकदा सासूबाईंनी मला पुढे दुकानात चहा घेऊन पाठवलं आणि मी संध्याकाळपर्यंत परत आलेच नाही. तेव्हापासून मी दुकानातच आहे.

मामंजींनी मला शिकवायला सुरुवात केली ती एका छोट्या चाकूपासून. शिंपल्याची मूठ आणि मऊसर, पांढरं पातं.

"काय हे?"

"चाकू," मी म्हटलं.

"ते तुझ्या सासूबाईंनापण कळतं. कसला?"

त्यांनी पातं नखावर वाकवून दाखवलं. "लोखंड नाही हे. चांदी आहे. फळं कापायला. लोखंडाला आंबट रस लागला की पातं काळं पडतं आणि फळाला लोखंडाची चव येते. म्हणून शौकीन माणसं खिशात चांदीचं पातं ठेवायची."

मग एक चाकू, ज्याच्या मुठीच्या शेवटाला हाडाची जिभेसारखी पट्टी होती. तो माळ्याचा. झाडाला डोळा भरताना, म्हणजे कलम करताना, पात्यानं सालीला चीर द्यायची आणि हाडाच्या जिभेनं साल अलगद उचलायची. मग एक वाकडा आकडा, बुटांची बटणं ओढून लावायला. मला सगळं जादूसारखं वाटायचं. एकदा मी नुसता आकार बघून धडाधड उत्तरं द्यायला लागले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला चाकू काढून घेतला.

"आकार बघून बोलू नकोस. आकार खोटं बोलतो. झीज खोटं बोलत नाही. पातं कुठं चकाकतंय, कुठं काळं राहिलंय, कुठं खालावलंय ते बघ. ज्या अंगानं काम केलं ते अंग झिजणारच. पात्याचं काय आणि माणसाचं काय."

असे आमचे मामंजी. पण मधल्या काळात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी वर्तमानपत्र सुटलं, मग रस्त्यातली ओळखीची माणसं सुटली. एक दिवस त्यांनी खुंटीवर लटकणाऱ्या रेनकोटाला "या, बसा ना" म्हटलं आणि उत्तर येईना म्हणून रागावले. सासूबाई म्हणायच्या, "दुधात माशी पडली तर वेलची समजून पितील." डॉक्टरांचं नाव काढलं की मामंजींचं उत्तर ठरलेलं. "ज्या हत्याराला मी स्वतः धार लावली नाही, ते मी डोळ्याजवळ येऊ देणार नाही."

धार लावायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. ते हातानं चाचपून अजून झकास धार लावत, पण बारीक कामं मीच करायची. चाकू ओळखायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. गंमत अशी, की नजर जितकी कमी झाली, तितक्या गोष्टी वाढल्या. पूर्वी ते एका वाक्यात सांगायचे. आता पात्यावर बोट फिरवत, मान वर करून, अर्धा अर्धा तास बोलायचे. जहाजांवरचे खलाशी, जंगलातले शिकारी, शाईचे डाग खरवडणारे कारकून, सगळे दुकानात येऊन बसायचे. गिऱ्हाईकं खूश होऊन जायची. कधी कधी ते सांगत ते बरोबर असे, आणि कधी कधी नसेही.

एका दुपारी घोडेबाई आल्या. वस्तीच्या टोकाला त्यांचा तबेला आहे, मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात. सगळे त्यांना घोडेबाई म्हणतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट स्वतःची ओळखही तशीच करून देतात. पन्नाशीच्या, उंच, हातपाय सडसडीत. त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक जाडजूड चाकू काउंटरवर ठेवला.

"काका, दादांच्या जुन्या जॅकेटात हा सापडला. दादा म्हणजे माझे वडील. एक पातं नेहमीचं आहे, पण हे दुसरं काय आहे हो?"

मामंजींनी चाकू हातात घेतला. दुसरं पातं आखूड होतं आणि त्याचं टोक इंग्रजी यू अक्षरासारखं वळवलेलं होतं. त्यांनी बाहेरून त्या वळणावर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुझे वडील घोडे पाळायचे ना?"

"आयुष्यभर."

"मग विचारतेस काय? खुरातले खडे काढायचा आकडा हा. घोडेवाल्याच्या खिशात दुसरं काय असणार?" आणि मग सुरू झालं. लांबचा रस्ता, पावसाळी हवा, घोडा लंगडायला लागतो, स्वार खाली उतरतो, घोड्याचा पाय गुडघ्यावर घेतो, खिशातून हाच चाकू काढतो, खडा टुणकन बाहेर उडतो आणि घोडा मान वळवून मालकाच्या खांद्याला नाक घासतो. घोडेबाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी पलीकडून वाकून बघत होते. पात्याच्या बाहेरच्या अंगावर जुना काळपट थर तसाच होता. वळणाच्या आतली कड मात्र लख्ख होती.

"मामंजी," मी म्हटलं, "याला आतून धार आहे."

"असणारच. चिखल वाळून दगड होतो, तो खरवडायला नको?" त्यांनी हात झटकला. "आण इकडे, जरा पाजवून देतो." आणि त्यांनी ती आतली कड बारीक दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून अशी केली, की केसाचे दोन तुकडे व्हावेत. घोडेबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, चाकू रुमालात गुंडाळला आणि निघून गेल्या.

मी चहा ठेवला. कपात चहा ओतला तरी माझं लक्ष ठिकाणावर येईना.

"मामंजी, खूर साफ करायचा आकडा बोथट असतो."

"जुने वेगळे असायचे."

"जुन्या घोड्यांचे खूर लोखंडाचे होते का?"

"तू माझ्या हाताखाली शिकलीस, हे विसरू नकोस."

"नाही विसरले. म्हणूनच म्हणतेय. तुम्हीच सांगितलंय, झीज बघ. बाहेरून त्या टोकानं कधी काही उकरलेलंच नाही. काम सगळं आतल्या कडेनं केलंय. आणि ती कड तुम्ही आत्ता वस्तऱ्यासारखी करून दिलीत."

मामंजींनी कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, घोड्याच्या खुराच्या मध्यभागी मऊ असतं ना?"

"असतं."

"फोन लाव तिला."

मी लावला. वाजत राहिला. घोडेबाई कामात असल्या की फोन खुंटीवरच्या जॅकेटात पडून असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

"स्कूटर काढ," मामंजी म्हणाले.

सासूबाई मागच्या खोलीतून ओरडल्या, "यांना मागे बसवून जोरात नेऊ नकोस गं!" मामंजी लगेच म्हणाले, "जोरातच ने."

तबेल्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा घोडेबाई एका तपकिरी घोडीपाशी वाकलेल्या होत्या. घोडीचा मागचा पाय त्यांच्या मांडीवर होता आणि हातात काहीतरी होतं. मामंजींना ते दिसणं शक्यच नव्हतं, पण मी "अगंबाई" म्हटलं आणि त्यांनी चालत्या स्कूटरवरून हाळी दिली, "थांब! पाय सोड! हात लावू नकोस!"

घोडीनं पाय हिसकला, बादली उलटली, कोपऱ्यातलं कुत्रं भुंकायला लागलं आणि घोडेबाई गवतावर बसत्या झाल्या. मी धावत गेले. त्यांच्या हातात त्यांचा नेहमीचा आकडा होता, बोथट, लाकडी मुठीचा.

"काय झालं, काका?"

मामंजी धापा टाकत होते. "तो चाकू. तो खुराचा नाही. मी चुकलो. घोडीला लावला नाहीस ना?"

घोडेबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. कपड्यांना लागलेलं गवत झटकत त्या उठल्या. "नाही, काका. तो घरात ठेवलाय, कपाटात." जरा थांबून म्हणाल्या, "मला माहीत होतं. धारेची वस्तू मी खुराजवळ कशी नेईन? इतकी वर्षं हेच करतेय."

"माहीत होतं?" मामंजी म्हणाले. "मग तिथंच का नाही बोललीस?"

"तुम्ही दादांबद्दल इतकं छान बोलत होता. मला वाटलं, दादाच समोर घोड्याचा पाय धरून बसलेत. तो चाकू खुराचा नसेना का. मला ऐकायचं होतं."

त्या हे प्रेमानं म्हणाल्या. पण मामंजींचा चेहरा पडला. आडवी पडलेली बादली पायाला लागली, ती चाचपून पालथी केली आणि ते तिच्यावर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चूक झाली याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. चूक धार लावणाऱ्याकडूनही होते, दगडाकडूनही होते. लोक आपल्याला सांभाळून घेतात, हे त्यांना टोचलं.

"सूनबाई, असं आणखी कोण कोण करतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ते मला ओळखतात.

"तो रेनकोट सोडला, तर सगळेच, मामंजी."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. घोडेबाईंना रेनकोटाची गोष्ट माहीत नव्हती, ती मी सांगितली, आणि मग तिघंही हसलो. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आण तो चाकू. आता नीट बघू."

घोडेबाई घरातून तो घेऊन आल्या. या खेपेला मामंजींनी एक शब्दही न बोलता पातं चाचपलं. करंगळी वळणाच्या आत घातली, अगदी हलकी. नखानं कड पाहिली. मग पात्याची पाठ, जिथं अंगठा दाबून दाबून खळगा पडला होता.

"ओढायचं पातं आहे," ते म्हणाले. "आपल्याकडे ओढायचं. अंगठ्याची झीज तेच सांगते. एखादी फळी आहे का?"

घोडेबाईंनी मोडक्या कुंपणाची फळी आणून दिली. मामंजींनी चाकू माझ्या हातात दिला. "तू कर. मला रेघ सरळ यायची नाही."

मी वळलेलं टोक फळीवर टेकवलं आणि ओढलं. लाकडाची एक बारीक, गोल ढलपी निघाली, बटाट्याच्या सालीसारखी वेटोळी होत गेली. मागे स्वच्छ, पन्हळीसारखी खाच उमटली. मामंजींनी तिच्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि उभे राहिले.

"खुणेचं पातं आहे हे. लाकडावर खुणा कोरायचं. खडूची खूण पुसते, पेन्सिल ओल्या लाकडावर उठत नाही. इमारतीची लाकडं आधी जमिनीवर जुळवायची, कोणती तुळई कोणत्या खांबात जाते त्याची दोन्हींवर सारखी खूण कोरायची, मग सगळं सुटं करून उभं करायचं." ते घोडेबाईंकडे वळले. "तुझे दादा सुतारकाम करायचे?"

"छे हो. त्यांना घोडे सोडून काही सुचायचं नाही."

"हा तबेला कुणी बांधला?"

"ते नाही माहीत. माझ्या जन्माच्या आधीचा आहे. कुणाकडून तरी बांधून घेतला असेल."

हात पुढे करून मामंजी तबेल्यात शिरले आणि सगळ्यात जवळच्या खांबापाशी गेले. आत अंधारच होता. वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर, धूळ, कोळिष्टकं. मी बघूनही काही दिसत नव्हतं. त्यांनी मात्र खांब चाचपत चाचपत तळवा वर नेला. तुळई जिथं खांबात शिरते तिथं त्यांचा हात थांबला.

"सूनबाई, बादली दे. पाय ठेवायला."

"मामंजी, मी चढते."

"तुला दिसणार नाही," ते म्हणाले, आणि एवढ्या सहज म्हणाले की आम्ही दोघींनी मुकाट्यानं बादली आणली आणि दोन्ही बाजूंनी त्यांना धरलं.

रंगाच्या थराखाली खाचा होत्या. खांबावर दोन उभ्या रेघा आणि एक छोटा अर्धगोल. तुळईवर तेच, दोन रेघा आणि अर्धगोल. पुढच्या खांबावर तीन रेघा. त्याच्या तुळईवरही तीन. घोडेबाईंनी चाकू उघडून वळलेलं टोक एका खाचेत ठेवलं. तंतोतंत बसलं, म्यानात बसावं तसं.

घोडेबाईंनी पातं तसंच खाचेत धरून ठेवलं.

"दादा रोज सकाळी आत आले की या खांबाला हात लावायचे," त्या म्हणाल्या. "याच खांबाला. थोपटायचे. मला वाटायचं, सवय आहे. घोड्यांना थोपटतात, तसं खांबालापण." "आईला मी विचारायचे तर ती म्हणायची, बापाला विचार. बापाला विचारायचं राहूनच गेलं."

मामंजी बादलीवरून उतरले. त्यांनी घोडेबाईंच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवावा तसा. "नुसता बांधला नाही, चांगला बांधलाय. सांध्यात माझं नखसुद्धा जात नाही."

परत येताना मी स्कूटर हळू चालवली. घराच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं.

"सूनबाई, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव. पण आधी मी त्यांचं पातं बघणार."

डॉक्टर तरुण होत्या आणि हसऱ्या होत्या. मामंजींची अट ऐकून त्यांनी तक्रार केली नाही. वापरून टाकलेलं एक पातं डबीत घालून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हात नका लावू हं काका, नुसतं जवळून बघा." मामंजींनी डबी डोळ्याजवळ नेऊन, तिरपी करून, जेवढं दिसेल तेवढं बघितलं.

"याला कोण धार लावतं?"

"कुणीच नाही. एकदा वापरलं की टाकून द्यायचं."

मामंजींना हे भयंकर वाटलं. इतकं सुंदर पातं आणि एकदाच? घरी येईपर्यंत ते हळहळत होते. पण ऑपरेशनला तयार झाले. आधी एक डोळा, मग काही दिवसांनी दुसरा.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी सासूबाई चहा घेऊन आल्या. मामंजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?" सासूबाईंनी पदर सारखा केला.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही रेनकोटाशी गप्पा मारत होतात तेव्हा."

"छान दिसतेस," ते म्हणाले, आणि सासूबाई चहा तसाच ठेवून आत निघून गेल्या. नंतर मला ओट्यापाशी म्हणाल्या, "यांचे डोळे बरे झाले की बिघडले, काही कळत नाही." पण त्या दिवशी त्या दुकानातही दोनदा डोकावून गेल्या, काही काम नसताना.

दुकानाच्या काचेत जुन्या चाकूंची मांडणी आहे. प्रत्येकाखाली मामंजींनी सांगितलेली आणि मी लिहिलेली चिठ्ठी. आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं होतं, आणि आमची पंचाईत झाली. ते एकेक चाकू बाहेर काढून वाचू लागले.

"'वाघाच्या मिशा कापण्यासाठी'? हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

"मूर्ख माणूस आहे. हे सिगारचं टोक कापायचं भोक आहे. आणि हे काय, 'दर्यावर्दी लोकांची दातकोरणी'?"

"तुम्हीच, मामंजी. गिऱ्हाईकानं टाळ्या वाजवल्या होत्या."

"टाळ्या वाजवणाऱ्यालापण डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं."

काही चिठ्ठ्या त्यांनी फाडल्या, काही मला नव्यानं लिहायला लावल्या. दोन चाकूंवर आमचं अजून एकमत झालेलं नाही. एक मी म्हणते आजारी जनावराचं रक्त काढायला शीर उघडायचा आहे, ते म्हणतात नाही. त्यांच्या चिठ्ठीशेजारी माझी चिठ्ठी ठेवलीय. लोक दोन्ही वाचतात आणि आपलं तिसरंच मत सांगून जातात.

घोडेबाई महिन्यातून एखाद वेळी येतात. तबेल्याच्या खांबांवरचा रंग त्यांनी सांध्यांपुरता खरवडून काढलाय. शिकायला येणाऱ्या मुलांना त्या खुणा जोडीनं शोधायला लावतात, असं त्यांनी सांगितलं. मामंजींना त्यांनी एकदा जेवायला बोलावलं, तेव्हा सासूबाईपण गेल्या आणि येताना घोड्यावर बसून फोटो काढून आल्या.

आता दुकानात कुणी अनोळखी पातं घेऊन आलं की मामंजी चष्मा पुसतात, पातं उजेडात धरून आतून बाहेरून बघतात आणि मोठ्या उदारपणे म्हणतात, "आमच्या सूनबाईंना विचारा. त्या सांगतील."

मग मी तोंड उघडते. माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणतात, "ती काय म्हणतेय ते बरोबर आहे, पण त्याचं असं आहे बघा..." आणि खुर्ची पुढे ओढतात.